बारावीच्या जीवशास्त्राची अभ्यासपद्धती : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

'अभ्यास कसा करावा' हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा विद्यार्थी-मार्गदर्शनाचा मानला जातो. त्याला इतिहासही आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. प्रत्येक पिढीतील हुशार विद्यार्थ्याने निराळ्या रीतीने अभ्यास केला. ती रीत त्याने स्वतः शोधली नव्हती, तत्कालीन परीक्षेने ती त्याच्यावर लादली होती. महाराष्ट्रातील बारावीचे जीवशास्त्र हे याचे ठळक उदाहरण होय. वैद्यकीय प्रवेशाची वाट याच विषयातून जात असल्याने परीक्षेतील लहानसा बदलही हजारो विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेपर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात या विषयाच्या अभ्यासपद्धतीत झालेल्या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला असून, या वाटचालीत घोकंपट्टी म्हणून टाकून दिलेल्या काही सवयी खरोखर टाकाऊ होत्या काय, याचा विचार केला आहे.

हक्सलेचा वारसा :

जीवशास्त्राच्या शालेय अध्यापनाला आजचे रूप देण्यात थॉमस हेन्री हक्सले यांचा वाटा मोठा आहे. १८७१ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे त्यांनी शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतला आणि त्याच अनुभवातून एच. एन. मार्टिन यांच्यासह प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पुस्तक १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. किण्व, अमीबा, नेचे, घेवड्याचे रोप, हायड्रा, बेडूक असे मोजके प्रातिनिधिक सजीव घ्यावेत, ते स्वतः पाहावेत, कापावेत आणि त्यांची आकृती काढावी, अशी ही पद्धती होती. आकृती हे येथे निरीक्षणाचे साधन होते, कारण जे नीट पाहिलेले नाही ते काढता येत नाही.

परंतु परीक्षा आली की मार्गदर्शक पुस्तकही येते. हक्सले यांच्या वर्गात १८८४-८५ मध्ये शिकलेले एच. जी. वेल्स पुढे पत्रद्वारा शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षक झाले. त्यांनी १८९३ मध्ये जीवशास्त्राचे द्विखंडात्मक पाठ्यपुस्तक लिहिले, ते लंडन विद्यापीठाच्या परीक्षार्थींसाठी. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत असलेल्या वेल्स यांचे हे आरंभीचे पुस्तक परीक्षेच्या तयारीसाठी होते, ही गोष्ट आजच्या 'अपेक्षित प्रश्नसंचां'ची निंदा करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरच स्थापन झाले. परीक्षा घेणे हेच त्याचे आरंभीचे मुख्य कार्य होते. त्यामुळे प्रातिनिधिक सजीवांचा अभ्यासक्रम भारतात आला तो ब्रिटिश पुस्तकांसह. यातून एक विचित्र अडचण उद्भवली. पुस्तकातील गांडूळ युरोपातील आणि विच्छेदनाच्या तबकातील गांडूळ येथले. दोघांची उत्सर्जन संस्था सारखी नाही. विद्यार्थी डोळ्यांनी एक पाहत होता आणि उत्तरपत्रिकेत दुसरे लिहीत होता. लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये 'फेरेटिमा' या भारतीय गांडुळावर प्रबंधिका लिहून 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' ही मालिका सुरू केली, तेव्हा ही विसंगती दूर होऊ लागली. भारतीय विद्यार्थ्याच्या अभ्यासाला झालेली ही मोठी मदत होती. मात्र तिचा उल्लेख शैक्षणिक इतिहासात क्वचितच आढळतो.

इंटर सायन्स ते बारावी :

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाचा उंबरठा म्हणजे इंटर सायन्सची परीक्षा होती. दीर्घोत्तरी प्रश्न, नामनिर्देशित आकृत्या आणि प्रात्यक्षिक वही ही तिची तीन अंगे होत. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने निबंधवजा प्रश्नांच्या मर्यादा दाखवून वस्तुनिष्ठ प्रश्नांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला आणि १९६६ मध्ये अस्तित्वात आलेल्या राज्य मंडळाकडे बारावीची परीक्षा आली. 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे द्या', 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' ही प्रश्नांची भाषा या मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे.

या काळातील विद्यार्थ्याचा अभ्यास दिसायला कंटाळवाणा होता. पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर हृदयाचा उभा छेद काढायचा, नावे द्यायची, पुस्तक उघडून चुका तपासायच्या आणि पुन्हा काढायचा. शिक्षणतज्ज्ञांनी याला पाठांतर म्हटले. त्यात तथ्यही होते, कारण अनेकदा आकृतीतील झडपेचे कार्य विचारले असता विद्यार्थी निरुत्तर होई. हक्सले यांच्या लेखी निरीक्षणाचे साधन असलेली आकृती आता गुण मिळवण्याचे साधन झाली होती. तथापि, या कृतीत आठवण्याचा जो श्रम होता, त्याचे मोल पुढे निराळ्याच क्षेत्रात सिद्ध झाले.

आठवण्याचे शास्त्र :

विस्मरणाचा वेग मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये केला. आर्थर गेट्स यांनी १९१७ मध्ये, केवळ वाचण्यापेक्षा वाचलेले न पाहता म्हणून पाहण्यात अधिक वेळ घालवावा, असे दाखवून दिले. १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यातील सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांना भुईमूग आणि बांबू यांवरील उतारे वाचायला देऊन निरनिराळ्या अंतराने चाचण्या घेतल्या. वाचल्यानंतर लवकर झालेली चाचणी विस्मरण रोखते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे अनेक दशके या संशोधनाकडे दुर्लक्ष झाले. रॉडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये ते नव्याने पुढे आणले. त्यांच्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के भाग आठवला, तर वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले.

या आकड्यांचा अर्थ अध्यापकांनी बारकाईने लक्षात घेण्याजोगा आहे. पुन्हा वाचणाऱ्याला त्या क्षणी खरोखरच अधिक येत असते, म्हणूनच त्याला आपली पद्धत योग्य वाटते. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी दहा अभ्यासतंत्रांची तपासणी केली. तीत पुनर्वाचन आणि ओळी रंगवणे ही विद्यार्थ्यांची आवडती तंत्रे कमी उपयोगाची, तर स्व-चाचणी आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ही सर्वाधिक उपयोगाची ठरली.

महाराष्ट्रात हे अनुभवाने आधीच साधले होते. १९९० च्या दशकात राज्यभर गाजलेला 'लातूर पॅटर्न' राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला जातो. सततच्या चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा भरपूर सराव हा त्याचा गाभा होता. त्या वेळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असल्याने एकेका गुणाला महत्त्व होते. या पॅटर्नवर यांत्रिकतेचा आरोप झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. तरीही मराठवाड्यासारख्या शैक्षणिकदृष्ट्या मागे ठेवल्या गेलेल्या भागातील विद्यार्थ्यांनी त्याच्या बळावर राज्यातील गुणवत्ता याद्यांत स्थान मिळवले, हेही तितकेच खरे आहे.

पर्यायांचे युग :

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेने आणि नंतर 'नीट'ने ही घडी बदलली. 'नीट' प्रथम २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी न्यायालयीन निर्णयाने थांबली आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यांतील ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, जीवशास्त्राचे होते. प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. मंडळाच्या परीक्षेत जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुण असले, तरी वैद्यकीय प्रवेशापुरते ते आता किमान पात्रतेचे काम करतात.

चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर उत्तर उभे करणे या दोन भिन्न मानसिक क्रिया आहेत. सराव चाचण्या सोडवणारा विद्यार्थीही आठवण्याचा सराव करतोच, हे मान्य करावे लागेल. परंतु मूत्रजनकाची आकृती त्याला काढावी लागत नाही. पाठ्यपुस्तकातील वाक्य शब्दशः ओळखता आले तरी पुरते. म्हणजे घोकंपट्टी हटावी म्हणून ज्या वस्तुनिष्ठ प्रश्नांचे स्वागत झाले, त्यांनी ओळ अन् ओळ वाचण्याची नवी घोकंपट्टी आणली. प्रात्यक्षिकाची अवस्था तर अधिकच शोचनीय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर पदवी स्तरावरही विच्छेदन मागे पडत गेले, आणि प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र त्याच्या जागी निरीक्षणाचे दुसरे साधन आले नाही. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक वही दुसऱ्याची पाहून उतरवली जाते. ज्या आकृतीसाठी काही पाहिलेले नाही आणि काही आठवलेलेही नाही, ती हक्सले यांच्या आणि इंटर सायन्सच्या अशा दोन्ही परंपरांना मुकलेली असते.

भाषेचा प्रश्न :

या साऱ्यात मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. दहावीपर्यंत त्याने तंतुकणिका, हरितलवक, अर्धगुणसूत्री विभाजन हे शब्द आत्मसात केलेले असतात. अकरावीत त्यांची जागा मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि मिऑसिस घेतात. संकल्पना जुनीच असूनही ती नवी वाटते आणि आधीचे ज्ञान आधाराला येत नाही. २०१७ पासून 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. परंतु वर्गातील अध्यापन आणि संदर्भपुस्तके इंग्रजीत असल्याने ती निवडण्याचे धाडस थोडेच करतात. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत मराठी आणि इंग्रजी संज्ञा शेजारी ठेवून विद्यार्थ्याकडून न पाहता आकृत्यांना दोन्ही भाषांत नावे देऊन घेणे कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाला शक्य आहे. त्यासाठी लागणारे परिभाषा कोश भाषा संचालनालयाने तयार केलेले आहेत. बहुतेक महाविद्यालयांत ते ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असतात, प्रयोगशाळेत नसतात.