फौजा सिंग

फौजा सिंग (१ एप्रिल, १९११ – १४ जुलै, २०२५) हे भारतीय वंशाचे ब्रिटिश मॅरेथॉन धावपटू होते. इ.स. २००० मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन येथे आपली पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. १६ ऑक्टोबर, २०११ रोजी कॅनडातील टोरंटो येथे त्यांनी शंभराव्या वर्षी पुन्हा हे अंतर पार केले. शंभरी गाठलेल्या व्यक्तीने पूर्ण मॅरेथॉन धावल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. मात्र जन्माचा समकालीन दाखला उपलब्ध नसल्यामुळे गिनीज विश्वविक्रमांच्या नोंदीत त्यांच्या या कामगिरीचा समावेश झाला नाही.

फौजा सिंग यांचे नाव प्रामुख्याने विक्रमांच्या संदर्भात घेतले जाते. परंतु त्यांच्या धावण्याचा उगम स्पर्धेत नव्हता. दोन वर्षांच्या अंतराने पत्नी आणि मुलगा गमावल्यावर आलेल्या खिन्नतेतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी धावण्याचा आधार घेतला. ऐंशी वर्षे शेतकरी म्हणून जगलेल्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या एका माणसाला पुढे जगभर ओळख मिळाली, ती या आधारातून.

== प्रारंभिक जीवन ==

फौजा सिंग यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातील पंजाब प्रांतात, जालंधर जिल्ह्यातील ब्यास पिंड या गावी एका शीख शेतकरी कुटुंबात झाला. (पंजाबीत 'पिंड' म्हणजे गाव.) चार भावंडांत ते धाकटे होते. जन्मापासून त्यांचे पाय अतिशय बारीक व अशक्त होते आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्यांना चालता येत नव्हते. चालू लागल्यानंतरही लांब पल्ला त्यांना झेपत नसे. त्यांच्या काटकुळ्या पायांवरून गावातील मुले त्यांना 'डंडा', म्हणजे काठी, असे चिडवीत.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणी ते हौसेने धावत असत. मात्र १९४७ च्या फाळणीच्या सुमारास धावणे सुटले आणि पुढील सुमारे पाच दशके शेती व संसार यांत गेली. या कालखंडाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. पंजाबातील त्यांच्या पिढीच्या हजारो शेतकऱ्यांचे आयुष्य जसे गेले, तसेच त्यांचेही गेले.

== कौटुंबिक आघात ==

१९९२ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञान कौर यांचे निधन झाले. थोरल्या मुलीचा मृत्यू बाळंतपणातील गुंतागुंतीमुळे झाला होता. ऑगस्ट १९९४ मध्ये मुलगा कुलदीप बांधकामाच्या ठिकाणी झालेल्या अपघातात मरण पावला. हा मृत्यू फौजा सिंग यांच्या जिव्हारी लागला. कुलदीपबरोबर त्यांनी शेती केली होती आणि उतारवयात त्याच्याच आधाराने राहण्याचा त्यांचा विचार होता.

ते इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या दुसऱ्या मुलाकडे, पूर्व लंडनमधील इलफर्ड येथे राहावयास गेले. परदेशी मुलांकडे गेलेल्या वृद्धांची जी अवस्था होते, ती त्यांच्याही वाट्याला आली. भाषा येत नाही, वाचता येत नाही, घरातील माणसे दिवसभर कामावर आणि अंगमेहनतीची सवय असलेल्या शरीराला काम नाही. या रिकामपणात शोक अधिकच घट्ट होत गेला. जगण्याची इच्छा त्या काळात उरली नव्हती, असे ते पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत. भारतीय समाजात या वयाच्या पुरुषाने मानसिक खचलेपणाविषयी उघड बोलणे विरळाच. त्यामुळे त्यांच्या या कथनाला विक्रमांइतकेच महत्त्व आहे.

== धावण्याची सुरुवात ==

प्रथम ते चालू लागले, मग थोडे थोडे धावू लागले. शीख समाजाच्या क्रीडामेळाव्यांतील लहान अंतराच्या शर्यतींत त्यांनी भाग घेतला. पुढे मॅरेथॉन या प्रकाराची माहिती झाल्यावर त्यांनी ती धावण्याचे ठरवले आणि हरमंदर सिंग यांच्याकडे प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले. सरावाच्या पहिल्या दिवशी ते कोट, जाकीट व पँट अशा तीन तुकड्यांच्या सुटात हजर झाले होते. प्रशिक्षकांना पोशाखापासूनच सुरुवात करावी लागली.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर होता. वीस किलोमीटरपर्यंत ते सहज धावत असत आणि मॅरेथॉन २६ किलोमीटरची असते, अशी त्यांची समजूत होती. ती २६ मैलांची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची असते, हे कळल्यावर त्यांनी माघार घेतली नाही. उलट सराव वाढवला.

दैनंदिन सरावामुळे त्यांच्या दिवसाला पुन्हा आकार आला. शेतकऱ्याच्या आयुष्यात पहाटे उठण्याला, अंग दमवण्याला आणि वेळेवर झोपण्याला जे स्थान असते, ते इलफर्डच्या वास्तव्यात नाहीसे झाले होते. धावण्याने ते परत मिळाले. त्याबरोबर माणसेही मिळाली. हरमंदर सिंग यांच्या भोवती जमलेला 'सिख्स इन द सिटी' हा धावपटूंचा गट त्यांचे दुसरे घर बनला. या गटात त्यांच्याखेरीज इतरही ज्येष्ठ धावपटू होते. त्यांना पंजाबी बोलणारे, त्यांच्या वेळेला थांबणारे आणि उद्या पुन्हा भेटणारे सोबती लाभले. परिवर्तनाचे श्रेय एकट्या धावण्याला देताना ही बाजू सहसा विसरली जाते.

== मॅरेथॉन कारकीर्द ==

२००० च्या लंडन मॅरेथॉनमध्ये त्यांनी ६ तास ५४ मिनिटे एवढी वेळ नोंदवली. ही शर्यत ते अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी काम करणाऱ्या 'ब्लिस' या संस्थेच्या मदतीसाठी धावले. सर्वांत वृद्ध धावपटू सर्वांत लहान जिवांसाठी धावत आहे, ही कल्पना लोकांना भावली.

त्यांची सर्वोत्तम वेळ मात्र पहिल्या शर्यतीतील नाही. २००३ मध्ये टोरंटो येथे, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांनी ५ तास ४० मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. म्हणजे तीन वर्षांनी वय वाढले आणि वेळ सुमारे सव्वा तासाने घटली. किलोमीटरमागे पहिल्या शर्यतीत त्यांना जवळजवळ दहा मिनिटे लागली होती. टोरंटोत ती आठ मिनिटांवर आली. वृद्धापकाळी शरीराची क्षमता केवळ घटतच जाते, या समजुतीला या दोन आकड्यांनी छेद दिला. वय आणि सराव हे विरुद्ध दिशांना ओढणारे दोन घटक असतात. सराव नुकताच सुरू झालेला असेल, तर काही काळ त्याची ओढ वयापेक्षा अधिक ठरू शकते.

त्याच वर्षी ते न्यूयॉर्क मॅरेथॉन धावले. ११ सप्टेंबर, २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत पगडी व दाढी यांमुळे शिखांना संशयाने पाहिले जात होते. पगडीधारी शीख म्हणजे कोण, हे रस्त्यावरून लाखो लोकांना दाखवणे हा या सहभागामागील एक हेतू होता. काही प्रेक्षकांकडून त्यांना अपशब्दही ऐकावे लागले. २००४ मध्ये आदिदास कंपनीने एका जाहिरात मोहिमेत त्यांना झळकावले. याच मोहिमेत मुहम्मद अली आणि डेव्हिड बेकहॅम हेही होते. मिळालेल्या पैशांपैकी बराचसा भाग त्यांनी धर्मादाय कामांना दिला.

१३ ऑक्टोबर, २०११ रोजी टोरंटोतील बर्चमाउंट क्रीडांगणावर त्यांनी एकाच दिवसात १०० मीटरपासून ५००० मीटरपर्यंतच्या आठ शर्यती धावून शंभर वर्षांवरील गटातील वेळा नोंदवल्या. ५००० मीटरला त्यांना पन्नास मिनिटांहून किंचित कमी वेळ लागला. त्यानंतर तीनच दिवसांनी टोरंटो वॉटरफ्रंट मॅरेथॉन त्यांनी ८ तास ११ मिनिटे ६ सेकंदांत पूर्ण केली. हा वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे झपझप चालण्याएवढा आहे. वेगाच्या दृष्टीने ही कामगिरी सामान्य वाटेल. परंतु आठ तासांहून अधिक काळ पायांवर राहणे हीच तिची खरी कसोटी होती.

लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायू व यकृत यांतील शर्करेचा साठा साधारणपणे तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येतो आणि पाऊल उचलणे अवघड होते. फौजा सिंग यांचा अनुभवही याच्याशी जुळतो. पहिले वीस मैल आपल्याला जड जात नाहीत, शेवटचे सहा मैल मात्र देवाशी बोलत पार करतो, अशा आशयाचे ते सांगत.

त्यांची अखेरची पूर्ण मॅरेथॉन एप्रिल २०१२ मध्ये लंडन येथे झाली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकची मशाल वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला. २४ फेब्रुवारी, २०१३ रोजी, १०२वा वाढदिवस काही आठवड्यांवर आला असताना, हाँगकाँग येथे १० किलोमीटरची शर्यत १ तास ३२ मिनिटे २८ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी स्पर्धात्मक धावणे थांबवले. २०१५ मध्ये त्यांना 'ब्रिटिश एम्पायर मेडल' हा सन्मान मिळाला.

== वयाविषयीचा वाद ==

फौजा सिंग यांच्या ब्रिटिश पारपत्रावर १ एप्रिल, १९११ ही जन्मतारीख होती. शंभराव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटनच्या राणीचे शुभेच्छापत्रही त्यांना आले होते. गिनीजने मात्र जन्माच्या वर्षीच तयार झालेला दस्तऐवज मागितला. त्या काळी गावात जन्मनोंदी ठेवल्या जात नव्हत्या, असे भारतीय अधिकाऱ्यांचे पत्र सादर करण्यात आले. ते पुरेसे मानले गेले नाही. त्यामुळे गिनीजच्या दृष्टीने १९७६ मध्ये अथेन्स येथे ९८व्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण करणारे ग्रीक धावपटू दिमित्रिऑन योर्दानिदिस यांचे स्थान अबाधित राहिले.

हा वाद समजून घेण्यासाठी भारतातील जन्मनोंदणीचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. १८८६ च्या कायद्याने नोंदणीची सोय झाली असली, तरी ती ऐच्छिक होती. देशभर सक्तीची व एकसारखी नोंदणी १९६९ च्या कायद्यानंतर आली. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आढळते. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी अंदाजाने ती लिहिलेली असे. अशी तारीख खोटी असते असे नव्हे, पण ती पुरावाही नसते. फौजा सिंग तर शाळेतच गेले नव्हते, त्यामुळे शाळेच्या दाखल्याचा आधारही त्यांना नव्हता.

विक्रमाची नोंद करणाऱ्या संस्थेने लेखी पुरावा मागणे गैर म्हणता येत नाही. अतिवृद्धांच्या वयाबाबत जगभर चुका व अतिशयोक्ती झालेल्या आहेत. दुसऱ्या बाजूला, हा नियम ज्या देशांत शतकापूर्वी नोंदी होत होत्या, त्यांनाच अनुकूल ठरतो. फौजा सिंग यांचे नेमके वय दोन-चार वर्षांनी कमी-अधिक धरले, तरी निव्वळ शंभरीचा विक्रम डळमळतो; उतारवयात धावणे सुरू करून त्यांनी नोंदवलेल्या वेळा तशाच राहतात. स्वतः फौजा सिंग यांनी या वादात फारसा रस दाखवला नाही.

== आहार व दिनचर्या ==

ते शाकाहारी होते. फुलके, डाळ, हिरव्या भाज्या, दही व दूध हा त्यांचा नेहमीचा आहार असे. आल्याचा चहा त्यांना आवडे. जेवण मोजके, झोप लवकर आणि मद्य व धूम्रपान वर्ज्य, असा त्यांचा नेम होता. त्यांचे वजन सुमारे ५२ किलो होते. या दिनचर्येला त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य म्हणून वृत्तपत्रांनी बरीच प्रसिद्धी दिली. तथापि एका व्यक्तीच्या आहारावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, आणि त्यांनी स्वतः हा आहार धावण्यासाठी स्वीकारलेला नव्हता. पंजाबी शेतकऱ्याच्या घरातील तो साधा स्वयंपाक होता.

== त्यांच्यावरील पुस्तके ==

'टर्बन्ड टोर्नेडो' हे त्यांचे इंग्रजी चरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक खुशवंत सिंग हे याच नावाच्या प्रसिद्ध कादंबरीकाराहून वेगळे आहेत. सिमरन जीत सिंग यांनी मुलांसाठी लिहिलेले 'फौजा सिंग कीप्स गोइंग' हे सचित्र पुस्तक २०२० मध्ये आले. त्यात चालता न येणाऱ्या मुलापासून शंभर वर्षांच्या धावपटूपर्यंतची कथा आहे.

== मृत्यू ==

अखेरच्या काळात फौजा सिंग ब्यास पिंड येथे राहत होते. स्पर्धा सोडल्यानंतरही रोजचे चालणे त्यांनी सोडले नव्हते. १४ जुलै, २०२५ रोजी दुपारी गावाजवळील जालंधर–पठाणकोट महामार्गावर पायी जात असताना एका भरधाव वाहनाने त्यांना धडक दिली. रुग्णालयात उपचारांदरम्यान त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. २० जुलै रोजी ब्यास पिंड येथे शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.