वऱ्हाडातील आडनावबदल आणि वंशशोध

अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांतील अनेक घराण्यांची आडनावे काळाच्या ओघात बदललेली आढळतात. वतनावरून देशमुख, पाटील, देशपांडे, तर गावावरून ‘-कर’ प्रत्ययाची आडनावे रूढ झाली. पापळ (जि. अमरावती) येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते.

ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतर जनगणनेच्या कुटुंबनिहाय नोंदी खुल्या होतात. भारतात मात्र जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात. त्यामुळे वऱ्हाडातील पूर्वजांचा शोध कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची नोंदवही), शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुने महसुली अभिलेख आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतून घेतला जातो. आडनाव जुळत नसल्यास वडील व आजोबांची नावे, गाव, जात आणि शेताचा सर्व्हे क्रमांक ताडून पाहतात.

जातप्रमाणपत्राच्या पडताळणीत वडिलांकडील रक्तनातलगांच्या जुन्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा अपेक्षित असतो. आडनावातील तफावत उलगडली नाही, तर अस्सल नोंदही अर्जदाराच्या पूर्वजाची ठरत नाही. म्हणून वंशावळीत जुने व नवे अशी दोन्ही आडनावे नोंदविणे उपयुक्त ठरते.