पाणबुडीपासून पोटापर्यंत : प्रतिध्वनीचा हिशेब

नव्या मोबाइलचा कॅमेरा किंवा घरात फिरणारा झाडू-रोबो समोरची वस्तू किती लांब आहे हे कसे ओळखतो? तो प्रकाश सोडतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. एक मीटरवर जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाचे जेमतेम सात अब्जांश पुरतात. युक्ती मात्र जुनी आहे, आणि तुमच्या घरात ती बहुधा कुणाच्या तरी पोटावर वापरून झाली आहे. सोनोग्राफीत प्रकाशाऐवजी आवाज असतो, इतकेच.

शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर १० सेंटिमीटर खोलवरचा प्रतिध्वनी यायला त्यातले १३० लागतात. (तो गार चिकट जेल कशाला, असे पेशंट नेहमी विचारतात. मध्ये हवा राहिली तर आवाज कातडीवरूनच माघारी फिरतो.)

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लँजव्हँ यांनी पाणबुड्या शोधायला ही पद्धत उभी केली. पुढे कारखाने तिने लोखंडातल्या चिरा शोधू लागले. तसलेच यंत्र वापरून १९५३ मध्ये स्वीडनच्या एडलर आणि हर्ट्झ यांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. १९५५ मध्ये ग्लासगोचे इयान डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले! १९५८ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या एका बाईला असाध्य कॅन्सर असल्याचे निदान झाले होते. निघाली अंडाशयाची मोठी गाठ, ती काढली आणि बाई वाचली.

आपल्याकडे हेच यंत्र मुली शोधायला वापरले गेले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. मग नियम आणखी आवळले. २०१२ पासून पोर्टेबल मशीन नोंदणीकृत रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यातच वापरता येते.

नियम गरजेचाच होता, पण त्याची झळ शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना बसते. पिशवीत मावणारे मशीन घेऊन डॉक्टर पाड्यावर जाऊ शकत नाही. पाड्यावरच्या बाईलाच खाली यावे लागते, आणि पावसाळ्यात काही पाड्यांवरून रस्त्यापर्यंत झोळीशिवाय वाट नसते. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल तर बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो, आणि हे आधी कळते ते सोनोग्राफीतच.

म्हणून तुमच्या सुनेचा किंवा लेकीचा पाचवा महिना पावसाळ्यात येत असेल, तर आशाताईंना आत्ताच सांगून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथून १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीची चिठ्ठी घ्या. वार खाली दिसली तर घाबरू नका, पुष्कळदा ती वर सरकते; पण ३२ आठवड्यांना पुन्हा बघायलाच हवे. तेव्हाही खालीच असली, तर शेवटचे काही आठवडे रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे तिची राहायची सोय करा.