एकाच माणसाची दोन दुखणी

आपल्या वस्तीत असा एखादा माणूस सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्याला कानात आवाज येतात, रात्ररात्र झोप नसते, आणि ते आवाज दबावेत म्हणून तो पितो. घरचे म्हणतात, आधी दारू सोड, मग डोकं ठिकाणावर येईल. गल्ली म्हणते, वेडा आहे, नाद सोडा. पण दोन्ही दुखणी एकाच माणसाची आहेत, हे कळायला समाजाला आणि कायद्यालाही फार काळ लागला.

इंग्रज सरकारने १९१२ साली ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे वेड्यांचा कायदा केला. त्याचा भर उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर होता. स्वातंत्र्यानंतरही तोच चालला. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, पण लागू झाला १९९३ साली.

दरम्यान पुण्यात वेगळी वाट निघाली. त्या काळात गर्दच्या व्यसनाने कितीतरी तरुण पोरं वाया चालली होती. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली आणि १९८६ साली त्याच रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार नव्हे, आजारी मानलं गेलं. बरे झालेलेच पुढे इतरांना सावरू लागले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. कारण पितो एकटा, पण आजारी पडतं सगळं घर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले. उपचार हा हक्क ठरला. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी झाली. हा कायदा २०१८ पासून लागू आहे.

आता काम आपलं. डॉक्टरांपुढे दोन्ही गोष्टी सांगा, काही लपवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलिमानस’चा नंबर १४४१६ घरात लिहून ठेवा.

पाचवं शील आपण सगळेच म्हणतो. ते घसरलेल्याला हाकलण्यासाठी नाही. तो पुन्हा घसरला, तरी विहारात त्याची बसायची जागा मोकळी ठेवा.