उपचार आहे, उपचारक कुठे?

विचारांची आणि वागण्याची चाकोरी बदलणारा बोधात्मक वर्तनोपचार नैराश्यावर गुणकारी आहे, हे इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेत २००४ साली आले. पण रुग्ण रांगेत आणि उपचारक मोजकेच! म्हणून २००८ पासून तीन वर्षांत ३,६०० जणांना तयार करण्याची योजना आखली गेली. त्यांतल्या अधिक त्रास असलेले रुग्ण पाहणाऱ्यांसाठी वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम : आठवड्यातले दोन दिवस विद्यापीठात, तीन दिवस रुग्णांसमोर.

आम्हा शिक्षकांना नवल वाटते ते परीक्षेचे. रुग्णाच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित करतात आणि ते बारा कसोट्यांवर तपासतात. प्रत्येक कसोटीला शून्य ते सहा गुण. सहसा ७२ पैकी ३६ मिळाले की उत्तीर्ण. आमच्या तासाची अशी टेप कोणी आम्हालाच ऐकवली तर? नुसत्या कल्पनेने घाम फुटतो!