वेलिणकर, श्रीकृष्ण चुंडा

वेलिणकर, श्रीकृष्ण चुंडा : (१८९४–३० जून १९१८). पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढताना मृत्यू पावलेले मुंबईचे भारतीय वैमानिक. फ्रान्समधील पश्चिम आघाडीवर लढाऊ विमान चालविणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना होते. पाडलेल्या विमानांच्या संख्येमुळे किंवा शौर्यपदकामुळे त्यांचे नाव इतिहासात आलेले नाही. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद देण्यास सरकार नाखूश असताना त्यांनी ते पद मिळविले व त्याच पदावर असताना रणभूमीवर देह ठेवला, हे त्यांच्या चरित्राचे महत्त्व होय. भारतीय वायुसेनेच्या स्थापनेपूर्वी चौदा वर्षे घडलेली ही घटना त्या सेनेच्या पूर्वेतिहासाचा भाग ठरते.

वेलिणकरांचा जन्म मुंबई येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी अध्ययन केले. त्या काळी सुस्थितीतील हिंदी कुटुंबांतील तरुण कायद्याच्या किंवा मुलकी सेवेच्या परीक्षांसाठी विलायतेस जात असत. विमानविद्या तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. राइट बंधूंचे पहिले यशस्वी उड्डाण १९०३ मधले. भारतात अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेण्याचा प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजी झाला होता. यानंतर तीनच वर्षांनी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाला तोंड लागले आणि ज्या यंत्राकडे लोक कुतूहलाने पाहत होते, ते टेहळणीचे व संहाराचे साधन बनले.

या युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठविण्यात आली. त्यांत अहमदनगर, पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या शिपायांची संख्या लक्षणीय होती. ११० व्या मराठा पलटणीचे सैनिक मेसोपोटेमियात कुत-अल्-अमारा येथील वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील ब्रिटिश सेनेच्या शरणागतीनंतर तुर्कांचे युद्धकैदी झाले. परंतु हिंदी शिपाई कितीही शूर असला, तरी त्याच्या बढतीला मर्यादा होती. जमादार, सुभेदार व शेवटी सुभेदार मेजर ही त्याच्या वाटचालीची परिसीमा असे. ही पदे व्हाइसरॉयच्या सनदेची होती. नुकताच रुजू झालेला इंग्रज लेफ्टनंटदेखील जुन्या, अनुभवी सुभेदार मेजरापेक्षा वरिष्ठ मानला जाई. इंग्लंडच्या राजाच्या सनदेने अधिकारी होण्यासाठी उमेदवार शुद्ध यूरोपीय वंशाचा असावा, असा दंडक होता. हिंदी माणसाच्या आज्ञेत गोऱ्या सैनिकांनी राहावे, ही कल्पनाच तत्कालीन राज्यकर्त्यांना मानवत नव्हती.

या दंडकाला जी पहिली फट पडली, तिचे मूळ न्यायबुद्धीपेक्षा निकडीत होते. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल फ्लाइंग कोअर या दलाचा युद्धकाळात झपाट्याने विस्तार झाला आणि त्याची हानीही तितक्याच वेगाने होऊ लागली. एप्रिल १९१७ मध्ये आरासच्या लढाईच्या वेळी या दलाने एका महिन्यात सु. २४५ विमाने गमावली. तो महिना ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणून ओळखला जातो. नव्या वैमानिकांची गरज सतत भासू लागली. त्याच वर्षी ब्रिटिश विद्यापीठांत व शाळांत शिकत असलेल्या काही हिंदी तरुणांना या दलात अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन व श्रीकृष्ण वेलिणकर ही त्यांतील प्रमुख नावे होत. हा प्रवेश सहजासहजी मिळाला नाही. ऑक्सफर्डचे पदवीधर असलेल्या मलिकांना प्रथम नकार मिळाल्याने ते फ्रेंच रेडक्रॉसचे रुग्णवाहिका-चालक म्हणून फ्रान्सला गेले. त्यांच्या ऑक्सफर्डमधील शिक्षकांनी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांकडे रदबदली केल्यावरच त्यांना वैमानिकाचे शिक्षण घेता आले. या तरुणांना मिळालेल्या सनदा युद्धकाळापुरत्या होत्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या काळचे वैमानिकी शिक्षण युद्धाइतकेच धोक्याचे होते. विमानाचा सांगाडा लाकडी असे व त्यावर कापड ताणून बसविलेले असे. एंजिने बेभरवशाची होती आणि शिकाऊ वैमानिक थोड्याच तासांच्या सरावानंतर एकटे उड्डाण करीत. अनेकांचा शेवट आघाडीवर पोहोचण्यापूर्वीच अपघातात झाला. हे शिक्षण पूर्ण करून वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर व नौदलाची हवाई शाखा यांचे एकत्रीकरण होऊन ‘रॉयल एअर फोर्स’ हे स्वतंत्र दल अस्तित्वात आले. त्यामुळे वेलिणकरांची अखेरची लढाई या नव्या दलातील अधिकारी म्हणून झाली.

२३ व्या स्क्वॉड्रनकडे त्या सुमारास सॉपविथ कंपनीची ‘डॉल्फिन’ ही एकासनी लढाऊ विमाने आली होती. हे विमान नेहमीच्या द्विपंखी विमानांहून वेगळे होते. त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित मागे बसविलेला असे आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे वर व सभोवार पाहण्याची सोय उत्तम होती आणि वरून झेपावणारा शत्रू वेळीच दृष्टीस पडे. २०० अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझा एंजिनामुळे उंचावरही ते चांगले काम देई. मात्र उतरताना विमान उलटल्यास सर्व भार वैमानिकाच्या डोक्यावर व मानेवर येण्याचे भय असे, म्हणून सुरुवातीस वैमानिक त्याच्याकडे साशंकतेने पाहत. ब्रिटिश वैमानिकांजवळ हवाई छत्रीही नव्हती. विमानाने पेट घेतला वा ते मोडले, तर सुटकेचा मार्ग उरत नसे. जर्मनांनी मात्र १९१८ मध्ये अशी छत्री वापरात आणली आणि त्यांचे नामांकित वैमानिक एर्न्स्ट ऊडेट यांचे प्राण २९ जून १९१८ रोजी तिच्यामुळेच वाचले.

१९१८ च्या उन्हाळ्यातील पश्चिम आघाडीची स्थिती नाजूक होती. २१ मार्च रोजी सुरू झालेल्या जर्मन आक्रमणात ब्रिटिश फळी मोडून सॉम नदीच्या परिसरातील मोठा प्रदेश हातचा गेला होता. आम्यें हे रेल्वेचे महत्त्वाचे केंद्र शत्रूच्या टप्प्यात आले होते. एप्रिलच्या अखेरीस व्हिलेर-ब्रेतोनो येथे ही चाल रोखण्यात आली. त्यानंतर ८ ऑगस्टच्या मोठ्या प्रतिहल्ल्यापर्यंत भूमीवर तुलनेने शांतता होती. आकाशात मात्र ती नव्हती. शत्रूच्या टेहळणी विमानांना आघाडी ओलांडू न देणे आणि जर्मन प्रदेशावर जाऊन गस्त घालणे, हे लढाऊ स्क्वॉड्रनांचे रोजचे काम होते. जर्मनांचे फोकर डी-७ हे नवे, प्रभावी विमान याच सुमारास मोठ्या संख्येने आघाडीवर येत होते. ब्रिटिश हवाई दलाचे धोरण सतत आक्रमक गस्तीचे असल्याने बहुतेक झुंजी जर्मन ताब्यातील प्रदेशावर होत. परिणामी जखमी वैमानिक किंवा नादुरुस्त विमान स्वतःच्या हद्दीत परतण्याची शक्यता कमी राही.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परत आले नाहीत. दलाच्या नोंदीत त्यांचे नाव बेपत्ता म्हणून लागले. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती पडले होते आणि तीन दिवसांनी, ३० जून रोजी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती.

त्यांच्या सहकाऱ्यांची कथाही याच मासल्याची आहे. सेन १९१७ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांच्या कैदेत पडले. मलिक २६ ऑक्टोबर १९१७ रोजी झुंजीत जखमी झाले. ते बचावले व पुढे भारतीय मुलकी सेवेत शिरले. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी कॅनडात भारताचे उच्चायुक्त आणि फ्रान्समध्ये राजदूत म्हणून काम केले. इंद्रलाल रॉय यांनी ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळविले आणि २२ जुलै रोजी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळाले. ते मिळविणारे ते पहिले भारतीय होत. चौघांपैकी दोघे मृत्युमुखी पडले, एक जखमी झाला व एक कैदी झाला. हिंदी माणसाच्या अंगी आधुनिक यंत्रयुद्धाला लागणारे धैर्य व कौशल्य नाही, या समजाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

तथापि या उत्तराची फलश्रुती लवकर झाली नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये भूसेनेत नऊ हिंदी व्यक्तींना राजाची सनद देण्याचे जाहीर झाले आणि १९१८ पासून सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात दरवर्षी दहा जागा हिंदी उमेदवारांसाठी ठेवण्यात आल्या. हवाई दलाची दारे मात्र युद्ध संपताच पुन्हा बंद झाली. स्कीन समितीने (१९२५–२६) ती उघडावीत, अशी शिफारस केली. त्यानंतर १९३० मध्ये पहिले हिंदी उमेदवार क्रॅनवेलच्या वैमानिकी विद्यालयात दाखल झाले आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुसेनेची स्थापना झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे तिची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची केवळ चार विमाने होती. वेलिणकर व रॉय यांच्या मृत्यूनंतरची ही चौदा वर्षे गुणांच्या अभावामुळे नव्हे, तर संधी नाकारल्यामुळे वाया गेली, हे या कालक्रमावरून स्पष्ट दिसते.

वेलिणकरांच्या स्मृतीला मृत्यूनंतरही एका अडचणीतून जावे लागले. जर्मनांनी त्यांचे दफन केले. परंतु थडग्यावर त्यांचे नाव चुकीचे लिहिले गेले. अखेरीस ‘कर’ असलेले मराठी वळणाचे आडनाव जर्मन लेखनिकास परके होते. त्यामुळे काही काळ त्यांच्या थडग्याची ओळख पटत नव्हती. युद्धानंतर शोध घेतला गेल्यावर ती पटली. आज त्यांची समाधी आम्येंच्या आग्नेयीस असलेल्या हँगार्ड या गावातील युद्धस्मशानभूमीत आहे. आसपासच्या रणक्षेत्रांतील विखुरलेली थडगी युद्धोत्तर काळात एकत्र आणून ही स्मशानभूमी वाढविण्यात आली. साम्राज्याच्या शूर सुपुत्रांपैकी एक, असा गौरव त्यांच्या शिलेवर कोरलेला आहे. ज्या साम्राज्याने त्यांना प्रथम बरोबरीचे स्थान नाकारले होते, त्याच साम्राज्याच्या नावाने हा गौरव व्हावा, यात त्या काळाची विसंगती प्रकट होते.

या शिलेचे मोल बसरा येथील स्मारकाशी तुलना केल्यास अधिक कळते. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाची, हुद्दा व वंश यांचा भेद न करता, नावानिशी नोंद व्हावी, हे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व होते. फ्रान्समधील नव-शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरली गेली. परंतु मेसोपोटेमियात मेलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर हिंदी सैनिकांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे आली; सामान्य शिपायांची पलटणवार फक्त संख्या देण्यात आली. दख्खनच्या खेड्यांतून गेलेले अनेक जण त्या आकड्यांत सामावले आहेत. या भेदभावाची कबुली आयोगाने २०२१ मध्ये जाहीरपणे दिली व त्याबद्दल क्षमा मागितली. वेलिणकरांचे चुकलेले नाव शोधून दुरुस्त झाले, कारण ते अधिकारी होते. अधिकारपदासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली धडपड केवळ मानाची नव्हती. मरणानंतर माणूस म्हणून नोंद होणेही त्या काळी हुद्द्यावर अवलंबून होते.