जाग आली, पण भान आलं का? मेंदूलहरींच्या नोंदींची शंभर वर्षं

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना पहिल्या दिवसांत एकच प्रश्न विचारत असतात : "डोळे कधी उघडेल?" मग काही आठवड्यांनी रुग्ण खरोखरच डोळे उघडतो आणि प्रश्न बदलतो : "आता आम्हाला ओळखतोय ना?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आपल्या भाषेत जाग, शुद्ध आणि भान असे तीन शब्द आहेत, पण बोलताना आपण ते सरमिसळ वापरतो. ही सरमिसळ वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ केली. ती कशी सुटत गेली, ते आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात जर्मनीतल्या येना शहरातून करू. हान्स बर्गर हा तिथला मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली. बहिणीला म्हणे वाटलं होतं की भावावर काहीतरी संकट आलंय. विचार एका मनातून दुसऱ्या मनात जातात का, हा ध्यास बर्गरला तेव्हापासून लागला. ते काही त्याला सापडलं नाही. पण १९२४ साली, कवटीचं हाड काढलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्याने मेंदूतल्या क्षीण विजेची नोंद घेतली. सशा-माकडांच्या मेंदूत अशी वीज असते, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्येच दाखवलं होतं. माणसाची नोंद मात्र ही पहिली.

बर्गर इतका साशंक की प्रसिद्ध करायला त्याने पाच वर्षं घेतली. १९२९ च्या त्या लेखाकडेही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला. या नोंदीलाच आपण ईईजी म्हणतो. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला साधारण दहा लहरी उमटतात; डोळे उघडले की त्या जवळपास नाहीशा होतात. आता बघा, यात एक मोठी सोय झाली. माणूस कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला न विचारता कागदावर दिसू लागलं.

साहजिकच पुढचा प्रश्न झोपेचा. अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस नावाचा धनाढ्य गृहस्थ होता. बँकिंगच्या व्यवसायात पैसा कमावून त्याने न्यूयॉर्कजवळ स्वतःची प्रयोगशाळा थाटली. रात्रभराच्या नोंदी घेऊन त्याने आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये झोपेच्या पाच पायऱ्या मांडल्या. झोप म्हणजे दिवा बंद करावा तशी एकच अवस्था, ही समजूत तिथे मोडली.

पण मेंदूला जागं ठेवतं कोण? व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमोने १९१७ च्या सुमाराला झोपाळू मेंदूज्वराचे रुग्ण पाहिले होते. मेंदूच्या तळाशी एका जागी इजा झालेले सतत झोपत, तर थोड्या पुढच्या भागात इजा झालेल्यांची झोपच उडे. मग ब्रसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमरने १९३५ मध्ये मांजरांवर प्रयोग केला. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा जो देठ असतो, त्याला आपण मेंदूस्तंभ म्हणतो. हा देठ वरच्या बाजूला छेदला, तर वरच्या मेंदूत झोपेच्याच लहरी राहिल्या. छेद अगदी खाली, मज्जारज्जूच्या तोंडाशी घेतला, तर मात्र झोप आणि जाग आलटूनपालटून चालूच राहिली. ब्रेमरचा निष्कर्ष असा, की बाहेरच्या संवेदना पोचल्या नाहीत म्हणून मेंदू झोपला.

हा निष्कर्ष तर्काला धरून होता, पण अपुरा होता. इटलीचा मोरुझ्झी आणि अमेरिकेचा मॅगून यांनी १९४९ मध्ये मेंदूस्तंभाच्या आतल्या जाळीदार भागाला विजेचा सौम्य झटका दिला. लगेच झोपेच्या मोठ्या, संथ लहरी जाऊन जागेपणीच्या बारीक, जलद लहरी उमटल्या. त्याच वर्षी मॅगूनच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली. संवेदनांच्या वाटा तोडल्या आणि जाळी शाबूत ठेवली, तर प्राणी जागा राहू शकला. वाटा शाबूत ठेवून जाळी नष्ट केली, तर लहरी झोपेच्याच राहिल्या. म्हणजे जाग ही बाहेरून येणाऱ्या आवाजा-उजेडाची नुसती प्रतिक्रिया नाही, तर मेंदूस्तंभातून ती उभी केली जाते. डोक्याला मार लागून या छोट्याशा भागाला इजा झाली, तर बाकीचा मेंदू बराचसा धड असूनही माणूस बेशुद्ध का होतो, हे इथे कळलं.

इथवर सगळं सरळ वाटत होतं : जलद लहरी म्हणजे जाग, संथ लहरी म्हणजे झोप. हा सरळपणाही टिकला नाही बरं का. शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवलं, की गाढ झोपेतही अधूनमधून बुबुळं भराभर हलतात. त्या वेळी मेंदूलहरी जवळजवळ जागेपणीसारख्या असतात, आणि तेव्हा उठवलं तर लोक स्वप्नं सांगतात. तेव्हा लहरी पाहून सरळ 'भान आहे' किंवा 'भान नाही' असं म्हणण्याची सोय राहिली नाही.

याच दशकात कृत्रिम श्वासाची यंत्रं रुग्णालयांत आली. हृदय चालू, छाती वरखाली होतेय, पण मेंदूत कसलीच हालचाल नाही, असे रुग्ण प्रथमच दिसू लागले. पॅरिसच्या मोलारे आणि गूलों यांनी १९५९ मध्ये या बेशुद्धीपलीकडच्या अवस्थेचं वर्णन केलं. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले; त्यात सपाट ईईजीला पुष्टी देणारा पुरावा मानलं होतं. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली.

आता याच्या अगदी उलटे रुग्ण घ्या. श्वास स्वतःचा, डोळे उघडतात-मिटतात, झोप-जागेचं चक्रही चालतं, पण समोरच्याला अर्थपूर्ण प्रतिसाद नाही. १९७२ मध्ये ग्लासगोचे जेनेट आणि न्यूयॉर्कचे प्लम यांनी याला नाव दिलं, त्याचा मराठीत साधारण अर्थ 'दीर्घकालीन वनस्पतिवत् अवस्था'. जाग आहे, भान नाही. दोन्ही गोष्टी अखेर वेगळ्या झाल्या.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पुढची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्या मेंदूमृत नाहीत, पण वनस्पतिवत् अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात. सांभाळणाऱ्या परिचारिका मात्र म्हणत होत्या, की त्या आपल्या परीने प्रतिसाद देतात. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांचे उपचार थांबवायला परवानगी दिली नाही. मात्र ठरावीक अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट देशात उघडली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. त्यांना आतून काय जाणवत होतं, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण प्रश्न किती मोठा होता, ते ध्यानात घ्या.

कारण याच काळात संशोधनाने नवं वळण घेतलं होतं. २००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांच्या गटाने, अपघातानंतर वनस्पतिवत् अवस्थेत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून सांगितलं : 'टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २०११ मध्ये हेच काम खाटेशेजारी, ईईजीवर करून बघितलं गेलं. 'मूठ वळतोय' किंवा 'पायाची बोटं हलवतोय' अशी नुसती कल्पना करायला सांगितल्यावर १६ पैकी ३ रुग्णांच्या लहरींत सूचनेनुसार बदल झाला. काही तज्ज्ञांनी त्याच्या आकडेमोडीवर आक्षेपही घेतले. तरी पुढच्या अभ्यासांनी दिशा तीच दाखवली. २०२४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात, सूचनेला शरीराने काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने स्कॅनवर किंवा ईईजीवर प्रतिसाद दिला. म्हणजे चारातला एक.

इथे दोन्ही बाजूंनी सावध राहायला हवं. चारांपैकी तिघांत काहीच दिसलं नाही, तेव्हा प्रत्येक नातेवाइकाला खोटी आशा लावणं बरं नाही. पण 'दिसलं नाही' म्हणजे 'नाहीच' असंही नव्हे. २०११ च्या त्याच प्रयोगात १२ धडधाकट माणसांपैकी तिघांच्या लहरींतही काही सापडलं नव्हतं, आणि ती तर चांगली शुद्धीत होती!

बर्गर एका मनातून दुसऱ्या मनात जाणारा निरोप शोधायला निघाला होता. तसा निरोप नसतो. पण त्याने सुरू केलेल्या नोंदीमुळे, बोलता-हलता न येणाऱ्या काही माणसांचं 'मी आहे' हे आज आपल्यापर्यंत पोचू शकतं. ही तपासणी अजून मोजक्याच ठिकाणी होते. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. अशा रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून, तो ऐकत नाही असं धरून त्याच्याविषयी बोलू नये. त्याच्याशी बोलावं.